कॅप्सूल राहू दे, आधी रक्त तपासून घे

ताई, मी गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातली, वय २१. पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे साडेचारला उठून आम्ही बारा जणी डांबरी रस्त्यावर धावतो. माझं ८०० मीटरचं टायमिंग ३ मिनिटं २० सेकंद आहे, २:५० च्या आत यायचं आहे. अकॅडमीच्या सरांनी अळंबीच्या कॅप्सूल आणल्या. डब्यावर 'कॉर्डिसेप्स ५०० मि.ग्रॅ.' लिहिलं आहे. ६० कॅप्सूल १,८०० रुपये, रोज दोन घ्यायच्या. सर म्हणतात, धावल्यावर मसल्समध्ये 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' होते, विष साचते, म्हणून पाय दुखते. हे घेतलं की विष निघून जाते आणि स्टॅमिना वाढते. दहा कॅप्सूल पुडीत बांधून फुकट दिल्या, त्यातल्या चार मी घेतल्या. माझ्याजवळ तेंदूपत्त्याचे पैसे आहेत, पण त्यातून बूट घ्यायचे होते. डबा घेऊ काय? नाही म्हटलं तर सर रागावतील. आणि पाय काहून इतके दुखते तेही सांगा, सकाळी ओटा उतरताना रडू येते. बाकी तब्येत चांगली आहे. मामेभावाला सिकलसेल आहे, पण मला काही त्रास नाही.
– एक भावी शिपाई

भावी शिपाई,

तुझं पत्र कॅप्सूलबद्दल आहे, पण माझ्या हातातला चहा थांबला तो तुझ्या शेवटच्या ओळीवर. तिच्याकडे येतेच. आधी तू विचारलंस ते.

पाय का दुखतात हे तुझ्या आईला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. रोवणीचा पहिला दिवस आठव. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावले की दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसवत नाही, बसलं तर उठवत नाही. मांड्यांना हात लावला तरी बाई कळवळते. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी? काम तेच, चिखल तोच, पण दुखणं गेलेलं असतं. मधल्या काळात कोणी तिच्या पायातलं विष काढलं नाही. सवय नसलेलं काम स्नायूंना पडलं, त्यांच्या धाग्यांना बारीक बारीक इजा झाली, तिथं थोडी सूज आली, शरीराने ती भरून काढली आणि भरताना पहिल्यापेक्षा मजबूत केलं. तुझ्या पोटऱ्यांत आणि मांड्यांत हेच चाललंय. हे दुखणं धावल्यानंतर एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं. उतरताना ते अधिक जाणवतं, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो. ओटा चढताना इतकं रडू येत नसेल, बघ.

'लॅक्टिक अ‍ॅसिड साचलं' असंही कोणीतरी तुला सांगेलच. ते धावणं थांबल्यावर तासाभरात रक्तातून जवळजवळ निघून गेलेलं असतं. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा आळ त्याच्यावर घेऊ नये.

आता सरांचा 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस'. शब्द खोटा नाही. आपण श्वासातून घेतलेल्या प्राणवायूतला थोडासा भाग काम करणाऱ्या स्नायूत फार चंचल रूप घेतो. त्यालाच फ्री रॅडिकल वगैरे म्हणतात. १९८२ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात उंदरांना दमून पडेपर्यंत पळवलं आणि त्यांचे स्नायू तपासले, तर हे फ्री रॅडिकल दोन-तीन पटीने वाढलेले दिसले. झालं! लोखंडाला गंज चढतो तसा स्नायूला चढतो, म्हणून गंज उतरवणारं काहीतरी खा, असा धंदा जगभर उभा राहिला. आधी व्हिटॅमिनच्या गोळ्या आल्या, मग ग्रीन टी, आता अळंबी.

पण गोष्ट तिथे संपत नाही. बांधीचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, पहिल्या मोठ्या पावसात फुटला, तर तुझे बाबा तो परत घालताना जरा जाडच घालतात ना? स्नायूतले हे चंचल कण म्हणजे धुरा फुटल्याचा सांगावा. तो मिळाला की स्नायू स्वतःची रोधक रसायनं वाढवतो आणि शक्ती तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाही वाढवतो. दम वाढतो तो यातूनच. सांगावाच दाबून टाकला तर काय होतं, तेही पाहिलं गेलंय. २००९ साली जर्मनीत तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावून सोबत काहींना रोज १,००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि त्याच्या जोडीला व्हिटॅमिन ई दिलं. व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारायला हवं होतं. गोळ्या न घेणाऱ्यांचं सुधारलं, घेणाऱ्यांचं नाही. २०१४ साली नॉर्वेत ५४ जणांवर ११ आठवडे तसाच प्रयोग झाला. मायटोकॉन्ड्रिया वाढल्याच्या खुणा गोळ्या न घेणाऱ्यांतच दिसल्या. धावण्याची क्षमता मात्र दोन्ही गटांत सारखीच वाढली, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मीही त्या सरांसारखीच अर्धी गोष्ट सांगणारी ठरेन. हे प्रयोग व्हिटॅमिनचे होते, अळंबीचे नव्हते. पण 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे विष, ते काढलंच पाहिजे' हा जो पाया सांगून डबा विकला जातोय, तो पाया मात्र यात हलतो. आणि घाबरून आवळा सोडू नको. एका आवळ्यात असलं काही करण्याइतकं व्हिटॅमिन नसतं.

आता त्या कॉर्डिसेप्सकडे. मूळ वस्तू हिमालयातली. जमिनीखाली राहणाऱ्या एका पतंगाच्या अळीला ही बुरशी लागते, अळी मरते आणि तिच्या डोक्यातून काडीसारखा कोंब वर येतो. उत्तराखंडात पिथौरागडच्या डोंगरांत लोक बर्फ वितळल्यावर गुडघ्यांवर रांगत ती शोधतात. तिथे तिला कीडा जडी म्हणतात. किलोचा भाव लाखांत आहे. म्हणजे १,८०० रुपयांच्या डब्यात ती नाही, एवढं गणित तर तुलाही जमेल. डब्यांत असते ती बहुधा तिची चुलत बहीण, कॉर्डिसेप्स मिलिटारिस. ती बरण्यांमध्ये तांदळावर वाढवतात, नारिंगी शेवयांसारखी दिसते. ती वाईट नाही, उत्तराखंडची नाही इतकंच.

ही बुरशी जगात गाजली ती १९९३ साली. चीनच्या मा जुनरेन नावाच्या प्रशिक्षकाच्या मुलींनी त्या वर्षी धावण्याचे विक्रम असे मोडले की लोक अवाक झाले. वांग जुन्शियाने १०,००० मीटर २९ मिनिटं ३१.७८ सेकंदांत धावून आधीचा विक्रम तब्बल ४२ सेकंदांनी मागे टाकला. गुपित काय विचारलं, तर मा म्हणाले, कासवाचं रक्त आणि कीडा जडी. पुढे २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या तोंडावर चीननेच आपल्या संघातून मा यांच्या सहा धावपटूंना वगळलं, कारण रक्ततपासणी संशयास्पद आली होती. कीडा जडीची जाहिरात मात्र तोवर होऊन गेली होती.

प्रयोग काय सांगतात? उंदरांना खाऊ घालून पाण्यात पोहवतात, आणि ते जास्त वेळ पोहतात, रक्तातल्या खुणाही सुधारतात. असे निबंध पुष्कळ आहेत. माणसांवरचे थोडे आहेत आणि त्यांचं आपसात जमत नाही. २००४ साली २२ कसलेल्या सायकलपटूंवर पाच आठवडे प्रयोग झाला, रोज तीन ग्रॅमच्या वर मात्रा देऊन. काही फरक पडला नाही. २०१७ साली अमेरिकेत २८ तरुणांपैकी काहींना कॉर्डिसेप्स मिलिटारिस असलेलं अळंबीचं मिश्रण रोज चार ग्रॅम दिलं, बाकीच्यांना नुसतीच खोटी पूड. त्यातले दहाच जण पुढे तीन आठवड्यांपर्यंत चालू राहिले, आणि त्यातल्या अळंबी घेणाऱ्यांत प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढलेली दिसली. डबे विकणारे हाच प्रयोग दाखवतात. दाखवू देत, पण मग मात्राही तीच हवी. चार ग्रॅम म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ कॅप्सूल रोज. तुझा ६० चा डबा आठ दिवसही पुरणार नाही. तीन आठवड्यांना तीन डबे, ५,४०० रुपये. तेही दहा माणसांच्या प्रयोगात दिसलेल्या फरकाच्या भरवशावर. आणि रोज दोन कॅप्सूल, म्हणजे एक ग्रॅम, हा त्या प्रयोगाचा चौथा हिस्सा झाला.

मी एक खोडी केली होती, सांगून टाकते. मागे असाच एक डबा माझ्याकडे कोणीतरी आणून दिला. एक कॅप्सूल उघडून पूड बशीत ओतली, चमचाभर पाण्यात कालवली आणि जखमेला लावायच्या आयोडिनचा एक थेंब टाकला. पूड बघता बघता निळीकाळी झाली. अळंबीत स्टार्च नसतो. तिचा साठा ग्लायकोजेनचा असतो आणि आयोडिनने तो फार तर तांबूस होतो. निळाकाळा रंग म्हणजे धान्य: एकतर ज्या तांदळावर बुरशी वाढवली तोच सगळा दळून भरलेला, नाहीतर वरून पीठ मिसळलेलं. पीठ खाल्ल्याने काही होत नाही म्हणा. पण १,८०० रुपयांचं तांदळाचं पीठ कुरखेड्यात विकत घ्यायचं म्हणजे कमाल आहे, तुमच्याकडे तर धानच पिकतं.

तू घेतलेल्या चार कॅप्सूलने काही बिघडलेलं नसणार, घाबरू नको. उरलेल्या सहा घेऊ नको. डब्यावर १४ आकडी परवाना क्रमांक आहे का ते बघ. नसेल तर विषयच संपला, आणि असला तरी तो धंद्याचा परवाना आहे, स्टॅमिनाची हमी नव्हे. घरात कोणी रक्त पातळ करायच्या किंवा साखरेच्या गोळ्या घेत असेल तर त्यांच्या हाती तर डबा पडूच देऊ नको.

आणि आता ती शेवटची ओळ.

सिकलसेल हा रक्तातल्या तांबड्या पेशींचा, आईबापांकडून येणारा आजार. मामेभावाला तो आहे, म्हणजे मामांकडून आणि मामींकडून, दोघांकडूनही त्याला त्या आजाराचा गुण आला. मामांकडे तो तुझ्या आजी-आजोबांपैकी एकाकडून आला. मग तुझ्या आईकडे असण्याची शक्यता दोनात एक, आणि तुझ्याकडे असण्याची निदान चारात एक. हिशोब मोटामोटी आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखा नाही. 'मला काही त्रास नाही' हे खरंच असेल. हा गुण एकाकडूनच आलेल्या वाहकाला, ज्याला आपल्याकडे ए-एस पॅटर्न म्हणतात त्याला, रोजच्या जगण्यात बहुतेक काहीच त्रास नसतो. लग्न ठरेपर्यंत कित्येकांना कळतही नाही. पण तू रोजचं जगणं जगत नाहीस, तू जीव तोडून धावतेस.

वाहक माणूस अंगात पाणी कमी असताना, उकाड्यात, किंवा तयारी नसताना एकदम पूर्ण ताकदीने धावला, तर क्वचित त्याच्या तांबड्या पेशी स्नायूतच विळ्यासारख्या वाकतात. रक्त अडतं आणि स्नायू खरोखर तुटायला लागतो. तुटलेल्या स्नायूचा मळ मूत्रपिंडात जाऊन अडकतो. सरांना विषच शोधायचं असेल तर ते इथे आहे, आणि त्यावर कोणत्याही डब्यातली कॅप्सूल चालत नाही. अमेरिकेच्या सैन्यातल्या सुमारे ४८,००० कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. वाहक सैनिकांमध्ये अशा स्नायू तुटण्याचं प्रमाण इतरांपेक्षा ५४ टक्क्यांनी जास्त होतं, पण मृत्यूचं प्रमाण जास्त नव्हतं. तिथे पाणी, सावली आणि विश्रांतीचे नियम सगळ्यांनाच सक्तीचे असतात. म्हणजे ए-एस निघालीस तरी शिपाई होता येईल. फक्त धावायचं कसं ते बदलेल.

म्हणून पुढच्या सोमवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आशाताईला सोबत घेतलंस तर काम लवकर होईल. सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी सांग, तिला बोटाचं थेंबभर रक्त पुरतं. पॉझिटिव्ह आली तर पक्का पॅटर्न कळण्यासाठी नमुना पुढे पाठवतात. २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम चालू आहे, त्यात आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी आहे, पैसे लागत नाहीत. त्याच वेळी हिमोग्लोबिनही करून घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २१ या काळात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं होतं. तुझं १२ च्या खाली असेल, तर तुझी अडलेली तीस सेकंदं तिथेच सापडण्याची शक्यता कुठल्याही बुरशीपेक्षा जास्त आहे. प्राणवायू वाहून नेणारी गाडीच अर्धी भरलेली असेल तर इंजिनाला दोष देऊन काय उपयोग? लोहाच्या गोळ्या मात्र रिपोर्ट येईपर्यंत स्वतःच्या मनाने सुरू करू नको, डॉक्टर सांगतील. जेवणावर लगेच चहा पीत असशील तर तो तासभर पुढे ढकल, चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

एक गोष्ट तुम्हा बाराही जणींनी लक्षात ठेवा. धावताना किंवा नंतर पायातला जीव एकाएकी गेल्यासारखा वाटला, आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर ते रोवणीचं दुखणं नाही. त्या मुलीला सावलीत आडवं करा, शुद्धीवर असेल तर पाणी पाजा आणि तिथूनच गाडी करून दवाखान्यात न्या. 'जरा बसून बघू' करू नका. घरात कोणाला सिकलसेल असेल तर तेही डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

रिपोर्ट येईपर्यंत जीव खाऊन ८०० मीटर धावायचं नाही. आरामात धाव, शेजारणीशी बोलता येईल इतक्या वेगाने. तसंही तुमच्या अकॅडमीत रोज घड्याळ लावून पूर्ण ८०० पळवत असतील, अशी मला शंका आहे. तुझ्या पायांची ती अवस्था त्यामुळेच असावी. रोज धुरा फोडायचा आणि रोज बांधायला वेळच द्यायचा नाही, असं होतं ते. रिपोर्ट चांगला आला की असं कर. तुझं आत्ताचं टायमिंग म्हणजे २०० मीटरला ५० सेकंद. हवंय ते साडेबेचाळीस. मग आठवड्यातून दोनच दिवस २०० मीटरचे सहा तुकडे धाव, प्रत्येक ४४-४५ सेकंदांत, आणि मधे पूर्ण २०० मीटर चालत परत ये. वेग जमला की हळूहळू ४३ वर. बाकीचे दिवस सावकाश, एक दिवस पूर्ण सुट्टी, पूर्ण ८०० ची परीक्षा पंधरा दिवसांतून एकदा. डांबरापेक्षा शाळेचं मैदान बरं. रात्री मोबाईल कितीला ठेवतेस ते मी विचारत नाही, पण साडेचारला उठणाऱ्या मुलीने नऊला झोपलं पाहिजे.

तेंदूपत्त्याच्या पैशांतून बूट घे. हा प्रश्न तू विचारलाच नव्हतास, पण उत्तर तेच आहे. उरतील त्यातून अंडी. सात-आठ रुपयांना एक धरलं तरी डब्याच्या पैशांत दोनशेच्या वर येतात. पन्नास किलोच्या धावणाऱ्या मुलीला दिवसाला सत्तरेक ग्रॅम प्रोटीन हवं. दोन अंड्यांतून बारा मिळतं, मूठ-दीड मूठ फुटाण्यांतून दहा. तुरीचं वरण पातळ पाण्यासारखं नको, घट्ट कर. तलावातली सुकी मासळी घरात असेलच, ती चवीपुरती न घालता भाजी म्हणून खा. धावून आल्यावर अर्ध्या तासात फुटाणे आणि गुळाचा खडा पुरे.

अळंबी खायचीच असेल तर भाजी म्हणून खा ना! बचत गटाच्या बायका धानाच्या तणसावर धिंगरी घेतात, ती स्वस्त मिळते. आणि पोळ्याच्या सुमारास पळसाच्या पानात सात्या, म्हणजे रानातली अळंबी, विकायला येतात, त्यांची सर जगातल्या कुठल्या कॅप्सूलला नाही, हे मी शास्त्र म्हणून नाही, जीभ म्हणून सांगते. फक्त जंगलातली अनोळखी छत्री स्वतः तोडून आणू नको. त्यातल्या काही थोड्याच दिवसांत लिव्हर घेऊन जातात.

राहिले सर. तुझे सर फसवे असतीलच असं नाही. त्यांनाही कोणीतरी हॉटेलच्या हॉलमध्ये बसवून पडद्यावर उंदीर दाखवले असतील आणि दहा डब्यांवर एक फुकट दिला असेल. त्यांच्याशी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवर वाद घालू नको, जिंकलीस तरी हरशील. इतकंच म्हण, "सर, मामेभावाला सिकलसेल आहे, माझी तपासणी व्हायची आहे, तोवर घरून काही घ्यायला नाही सांगितलं." यावर कुठलाही सर रागावत नाही. उलट बाकीच्या अकरा जणींचीही तपासणी करून घ्यायचं त्यांच्या डोक्यात आलं तर बरंच, तुमच्या भागात बारा जणींत एखादी तरी वाहक निघायची.

मला रिपोर्ट कळव. टायमिंगही कळव, पण आधी रिपोर्ट. आणि उरलेल्या सहातली एक कॅप्सूल बशीत उघडून आयोडिन टाकून बघ. रंग कोणता आला तेही लिही.

– ताई